भुंग्याची डावी बाजू

आमच्या दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली आहे. आत खोल सिंक, त्याला लागून अल्ट्रासॉनिक टब, मग वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आणि अगदी दाराशी माझं टेबल. दोघी आत असलो की एकीला पुढे जायचं तर दुसरीने पोट आत घ्यावं लागतं. बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले तेव्हा मावशींनी दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं आणि "गेलं ना पोट? मग ये आत," म्हणाल्या होत्या.

मावशी इथे चौदा वर्षं हत्यारं धुतात. मी 'इन्स्ट्रुमेंट्स' म्हणते, त्या हत्यारं म्हणतात. मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. केलेलं, त्यामुळे धुतलेलं खरोखर स्वच्छ झालं की नाही हे बघणं आणि तसं वहीत लिहिणं माझ्याकडे. मावशी मला खुशीत असल्या की 'पोरी' म्हणतात, नसल्या की 'शास्त्रज्ञबाई'.

टबाचं काम दिसायला काहीच नाही. स्टीलचा डबा, त्यात कोमट पाणी आणि मोजून घातलेलं द्रावण. तळाखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन भाग थरथरत असतात. त्या थरथरीने पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, आणि ब्रश जिथे पोचत नाही तिथली घाण, म्हणजे चिमट्याच्या सांध्यातलं रक्त, टोकाच्या खाचेतलं सिमेंट, ते सुटं करतात. चालू असताना टब एकसुरी गुणगुणतो, म्हणून मावशींनी त्याचं नाव ठेवलं 'भुंगा'.

भुंग्याकडून काम नीट करून घ्यायचे नियम मी स्वच्छ अक्षरात लिहून सिंकच्या वर चिकटवले होते. एकूण नऊ. मावशींना त्यातला एकही वाचायची गरज पडली नाही. त्यांचं सगळं तोंडपाठ आणि त्यांच्याच भाषेत. हत्यारांची तोंडं उघडी ठेवायची. गर्दी करायची नाही, प्रत्येकाला कूस बदलता आली पाहिजे. तळाला टेकवायचं नाही, जाळीत ठेवायचं. पाणी कढत नको, रक्त शिजून चिकटतं. आणि नवीन पाणी भरलं की आधी भुंग्याला श्वास सोडू द्यायचा.

हा शेवटचा नियम लोक हमखास विसरतात. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि ती सगळा जोर खाऊन टाकते. म्हणून टब सुरुवातीला दहा मिनिटं रिकामाच चालवायचा. मी घड्याळ लावायचे. मावशी टबावर वाकून दोन्ही कान देऊन उभ्या राहायच्या. आधी आवाज खरखरीत असतो, घसा बसलेल्या माणसासारखा, मग एकदम मोकळा होतो, असं त्या सांगायच्या. त्यांचं "टाक आता" आणि माझ्या घड्याळाची टिणटिण यांत कधी अर्ध्या मिनिटापलीकडे फरक पडला नाही. मला तो फरक उगाचच पडायला हवा होता.

दर सोमवारी फॉइलची परीक्षा असायची. जेवण बांधायला वापरतात तो चंदेरी कागद. त्याची पट्टी टबात उभी धरायची, मिनिटभराने बाहेर काढायची. मशीन ठीक असेल तर कागद उंदराने कुरतडल्यासारखा होतो, सगळीकडे सारखे टोचे आणि बारीक भोकं. डावीकडे एक पट्टी, मध्ये एक, उजवीकडे एक. तिन्ही वाळवून वहीत चिकटवायच्या, खाली तारीख आणि सही. वहीवर माझं नाव होतं. ती वही मी कुणाला हात लावू देत नसे.

मी किती काळजी करणारी बाई आहे हेही सांगायला हवं. माझी लेक आठ महिन्यांची आहे. तिची बाटली मी दोनदा उकळते आणि सासूबाईंनी उकळली असेल तर तिसऱ्यांदा. ती झोपली की नाकाशी बोट धरून बघते. ती मान धरायला लागल्यापासून दर आठवड्याला तिच्या पाठीमागे उभं राहून आधी डाव्या कानाशी, मग उजव्या कानाशी किल्ल्या वाजवते आणि ती वळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. नवरा म्हणतो, मोठी झाली की ही पोरगी किल्ल्या वाजल्या की घाबरेल. अशा बाईकडून वहीत काही चुकेल असं कुणालाच वाटलं नसतं. मलाही नसतं वाटलं.

त्या सोमवारी लेकीला लस टोचल्याचा ताप होता. सासूबाईंचे दर दहा मिनिटांनी फोन. एका हातात फोन, दुसऱ्या हातात फॉइल अशी मी टबाशी उभी होते. पट्ट्या कापत बसायला वेळ नव्हता म्हणून अख्खा मोठा कागदच उजव्या बाजूला बुडवला, कारण उजवी बाजू माझ्या हाताशी होती. कागद छान कुरतडला गेला. मी त्यातून तीन पट्ट्या कापल्या, 'डावी', 'मधली', 'उजवी' अशा चिकटवल्या आणि सही केली.

उरलेला कागद फेकायला गेले आणि हात थांबला. त्यात अजून बारा पट्ट्या सहज निघत होत्या. बारा म्हणजे पुढचे चार सोमवार. दर सोमवारी वीस मिनिटं लवकर घरी. मशीन तर ठीकच चाललं होतं, ते मी आत्ताच पाहिलं होतं. मी बारा पट्ट्या कापल्या, पाकिटात घातल्या आणि पाकीट टेबलाच्या खणात सरकवलं. अपराध करतेय असं वाटलंच नाही. उलट, मुलं झाली की बाई कामाला किती चपळ होते याचं मनातल्या मनात कौतुक वाटलं.

पुढच्या सोमवारी पाकिटातल्या तीन पट्ट्या वहीत गेल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी मावशी टबावर वाकलेल्या होत्या, त्या तशाच वाकून म्हणाल्या की भुंगा डावीकडनं बोलत नाही. मी घड्याळ बघितलं, दहा मिनिटं झाली होती. तसं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, दहा होऊ देत नाही तर वीस, डावीकडनं काही येतच नाही.

मी तेव्हा इतकंच करायला हवं होतं: एक फॉइल घ्यायची आणि डावीकडे बुडवायची. एक मिनिटाचं काम. पण ती तशीच कोरी निघाली असती तर दोन दिवसांपूर्वीची, भोकं पडलेली 'डावी' पट्टी कुठून आली हे सांगावं लागलं असतं. मी वही उघडून मावशींसमोर धरली. म्हटलं, ही बघा सोमवारची डावी बाजू. मशीन उत्तम आहे.

मावशींनी पट्टीवरून अंगठा फिरवला. वहीपुढे त्यांचा आवाज नेहमीच उतरायचा. छापील आणि लिहिलेल्या गोष्टींचा त्या मान ठेवतात.

"मग माझाच कान गेला म्हणायचा," त्या म्हणाल्या.

मी हसले. नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी येऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तू बाळाचे कान बघतेस ना, तसे माझे बघ. मी किल्ल्या काढल्या. डाव्या कानाशी हलकेच हलवल्या, अगदी दोन किल्ल्या एकमेकींना लागतील न लागतील अशा. त्या झटकन वळल्या. ऐकू आलं होतं, चांगलं ऐकू आलं होतं. पण त्यांचं समाधान झालं नाही. किल्ल्या म्हणजे ठसठशीत आवाज, भुंग्याचा बारीक असतो, त्याचं काय, असं त्यांनी विचारलं.

आणि मी सांगितलं. वय झालं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, हे मी त्यांना अगदी समजावून सांगितलं. कानात केसांसारख्या पेशी असतात, त्या झिजतात. कागदावर आकृतीही काढून दाखवली. सांगितलेलं सगळं खरंच होतं. पुस्तकातलं होतं. त्या मान हलवत ऐकत होत्या आणि मी माझं शिक्षण त्यांच्या कानात ओतत होते. आज ती आकृती आठवली की दुसरं कुठे तरी बघावंसं वाटतं.

तिथून मावशींचं हळूहळू सगळंच बदललं. आधी त्या काम करताना अखंड बोलायच्या. खुर्चीवर बसलेला पेशंट किती घाबरट आहे हे पायांवरून ओळखायच्या आणि आत येऊन मला त्याची नक्कल करून दाखवायच्या. आता गप्प. मी काही बोलले की डावी बाजू मागे घेऊन उजवा कान पुढे करायच्या. त्यांना ऐकू येत होतं, पण ऐकू येतंय यावर त्यांचा विश्वास नव्हता. टबाशी कान देणं त्यांनी सोडून दिलं. मलाच विचारायच्या, "झाला का गं मोकळा?" मी घड्याळ बघून हो म्हणायचे. सोमवार आला की पाकिटातून तीन पट्ट्या काढायचे. आता मात्र काढताना दार लोटून घ्यायचे.

पाचव्या सोमवारी पाकीट संपलं. त्याच आठवड्यात, बुधवारी, डॉक्टर हातात एक पिशवी घेऊन आत आल्या. आमच्या डॉक्टर आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्या हळू बोलायला लागल्या की आम्ही जास्त घाबरतो. ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या बंद पिशवीतल्या चिमट्याच्या सांध्यात त्यांना काळा ठिपका दिसला होता. वाळलेलं रक्त. पेशंटच्या तोंडात जायच्या आधी दिव्याखाली दिसलं म्हणून बरं. त्यांनी मावशींना विचारलं, तोंड उघडं ठेवलं होतं ना?

"ठेवलं होतं, मॅडम," मावशी म्हणाल्या. मग ओले हात पुसत राहिल्या. बराच वेळ पुसत राहिल्या. म्हणाल्या, पण मॅडम, मला आता भुंगा नीट ऐकू येत नाही. महिना होत आला. डावा कान गेलाय. मी हत्यारं सोडते. फरशी, खिडक्या, बाहेरची बसायची खोली, ते सगळं करीन. शुक्रवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय, मुलाने रजा टाकलीय.

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी माझ्या टेबलाशी बसून पिशव्यांवर तारखा घालत होते. त्यातल्या तीनवर चुकीची तारीख पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेले. टब भरला, दहा मिनिटं चालवला आणि तीन पट्ट्या जिथल्या तिथे धरल्या. उजवी कुरतडली गेली. मधली अर्धीमुर्धी. डावी जशी आत गेली तशी बाहेर आली, गुळगुळीत, त्यात माझा चेहरा दिसेल इतकी. मग मी टबावर वाकले आणि दोन्ही कान दिले, मावशी द्यायच्या तसे. आयुष्यात पहिल्यांदा. उजवीकडे गुणगुण होती. डावीकडे नुसतं पाणी होतं.

डॉक्टर आल्या तेव्हा मी त्यांना तिन्ही पट्ट्या दाखवल्या आणि म्हटलं, "डावी बाजू गेलीय मॅडम. आज दिसलं."

'आज' हा शब्द मी घरून निघतानाच ठरवून ठेवला होता. हिशोब असा होता की मशीन दुरुस्तीला जाईल, चिमट्याचं कारण सापडेल, मावशींवरचा ठपका जाईल आणि वहीकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. डॉक्टरांनी वही मागून घेतली. मागची पाच पानं उलटली. सगळ्या डाव्या पट्ट्या भोकांनी भरलेल्या. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "म्हणजे या दोन-तीन दिवसांतच बिघडलंय. बरं झालं तू न चुकता बघतेस."

कुणी थोबाडीत मारली असती तर मी निदान गालाला हात लावला असता. या कौतुकाचं काय करायचं ते कळेना. मी 'हो' म्हटलं.

मावशी आल्यावर मी त्यांना सांगितलं की मशीन बिघडलंय, चिमट्यात तुमची काही चूक नव्हती. वाटलं, त्यांचा चेहरा उजळेल. त्यांनी विचारलं, कधी बिघडलं? मी म्हटलं, या आठवड्यात.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग हसल्या, महिन्याभरात पहिल्यांदा. "म्हणजे आधी मी बहिरी झाले, मग भुंगा. जोडीने गेलो की आम्ही." आणि फरशीचं फडकं घेऊन बाहेर निघाल्या.

मी दारात उभी होते. त्या खोलीत दोघींना एकमेकींना ओलांडायचं तर एकीने पोट आत घ्यायचं असतं. मी घेतलं नाही.

"मावशी, उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ नका."

"का गं?"

मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. मला सांगता येईना, म्हणून दाखवायला लागले. दुसऱ्या सोमवारची डावी पट्टी आणि चौथ्या सोमवारची मधली. दोन्हींच्या कडेला अर्धं अर्धं भोक होतं. मावशी वहीवर वाकल्या. मग त्यांनी सिंकवरचा बारीक चिमटा घेतला आणि एक पट्टी अलगद उचकटली. तिचा कागद जराही फाटला नाही. ती त्यांनी दुसरीच्या कडेला लावली. अर्ध्या भोकाला अर्धं भोक मिळालं आणि एक पूर्ण, वाटोळं भोक झालं.

"हे एकाच कागदाचं आहे."

"हो."

"किती सोमवार?"

"पाच."

त्यांनी चिमटा जागच्या जागी ठेवला. तोंड मिटूनच ठेवला, जे त्या कधीच करत नाहीत.

"म्हणजे मी सांगितलं तेव्हा भुंगा बिघडलाय हे तुला माहीत होतं."

"नव्हतं मावशी, शपथ. मी बघितलंच नव्हतं."

"पण मी बहिरी झाले हे तुला माहीत होतं."

त्यांनी वही मिटली. मग सिंकला टेकून, कुणा तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं सांगायला लागल्या. सून महिनाभर त्यांच्याशी ओरडून बोलतेय. जेवायला या, हे समोरच्या इमारतीला ऐकू जातं आणि तिथली माणसं खिडकीत येतात. टीव्ही त्या मुद्दाम मोठा लावायच्या, मग सगळं घर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. मुलगा फोनवर बहिणीला म्हणाला, आई आता थकली. हे त्यांना बंद दारातून ऐकू आलं होतं. "तेव्हा तरी कळायला पाहिजे होतं मला," त्या म्हणाल्या. "बंद दारातून ऐकू आलं, तरी मी तुझं चित्र खरं धरलं."

मी रडायला लागले. मावशींनी नेहमीसारखा पदर पुढे केला नाही.

"डॉक्टरांना तू सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर ती चुगली होईल. आणि तुझ्या पोरीचं नाव मध्ये आणायचं नाही."

मी वर बघितलं. माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं आणि त्याची सुरुवात 'बाळाला ताप होता' अशीच होती. मावशींना ते कसं कळलं असेल हा प्रश्न मला तेव्हा पडला. आता पडत नाही. जिला भुंग्याचा श्वास ऐकू येतो तिला एवढं ऐकू येणारच.

दुपारी दोन पेशंटच्या मध्ये मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते नाव न घेता सांगणं किती अवघड आहे ते मला आत गेल्यावर कळलं. ताप नाही, लस नाही, सासूबाईंचे फोन नाहीत. उरलं ते इतकंच की मी एक कागद कापून पाच आठवडे चिकटवला आणि मावशींना बहिरं ठरवलं. दोन वाक्यांत संपलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ऑटोक्लेव्हची वही तरी खरी आहे?"

"खरी आहे मॅडम." ती खरी होती. पण माझ्या 'खरी'ला आता काही वजन राहिलं नव्हतं, आणि ते त्यांच्याआधी मला जाणवलं. त्यांनी ऑटोक्लेव्हमधून आपोआप छापून निघणाऱ्या कागदी पट्ट्या मागवून स्वतः तपासल्या, एकेक, मला समोर उभं करून. मग त्या हळू आवाजात बोलल्या. काय बोलल्या ते इथे लिहीत नाही, ते सगळं रास्त होतं. मला काढलं नाही. सोमवारची परीक्षा आणि ती वही माझ्याकडून काढून मावशींकडे दिली.

कपाटातल्या सगळ्या पिशव्या फोडून हत्यारं पुन्हा हाताने घासायला दोन दिवस लागले. मी दोन्ही दिवस संध्याकाळपर्यंत थांबले. मी घरी नसले तर लेक दूध पिणार नाही अशी माझी खात्री होती. सासूबाईंनी एकदाच उकळलेल्या बाटलीने ती पोटभर प्यायली आणि झोपली, असं मला सांगण्यात आलं. मावशी माझ्या शेजारी उभ्या राहून घासत होत्या. शुक्रवारी मुलाची रजा फुकट गेली, ती त्यांनी त्याला घरातला नळ दुरुस्त करायला लावून वसूल केली, एवढं एकच त्या बोलल्या, तेही दुसऱ्या कुणाशी तरी.

पंधरा दिवसांनी भुंगा दुरुस्त होऊन परत आला. सोमवार होता. मावशींनी पाणी भरलं, द्रावण मोजलं, बटण दाबलं. मी सवयीने घड्याळ लावलं. फॉइलच्या तीन पट्ट्या त्यांनी आधीच कापून ठेवल्या होत्या, थोड्या वाकड्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात त्यांच्या मोठ्या अक्षरात डा, म, उ.

घड्याळ वाजलं.

"दहा झाली मावशी," मी म्हटलं. "मोकळा झाला असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसता ओला हात वर केला, थांब म्हणून. मग टबावर वाकल्या. आधी डावा कान दिला, डोळे मिटले. पाण्याचे थेंब कोपरावरून फरशीवर पडत होते. मग उजवा दिला. मग पुन्हा डावा, आणि या वेळी बराच वेळ. मला घरी जायचं होतं आणि मी घड्याळाकडे बघितलं नाही. पोट आत घेऊन, भिंतीला चिकटून उभी राहिले, त्यांना जागा कमी पडू नये म्हणून.

अर्धं मिनिट गेलं असेल.

"टाक आता," मावशी भुंग्याकडे बघत म्हणाल्या, आणि पहिली पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने डावीकडे धरली.